पडद्यावरची पोलादी गोळी

एका टोकाला किंचित उचललेली लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, मधूनमधून कोरलेले खळगे आणि उजव्या हाताला गोळी ढकलण्यासाठी बसविलेला दट्ट्या, असे एक खेळणे पुष्कळ घरांतून पाहावयास मिळते. दट्ट्या मागे ओढून सोडला की गोळी सरसर वर जाते, टोकाशी वळण घेते आणि खिळ्यांवर आपटत, अडखळत खाली येऊ लागते. ती कोणत्या खळग्यात विसावेल हे कोणालाच सांगता येत नाही. खेळणाऱ्याच्या हाती काय ते एवढेच, की दट्ट्या किती ओढावा! पुढचे सारे गोळीवर आणि खिळ्यांवर सोपवून तो नुसता पाहत राहतो.

या साध्या खेळण्याचे कूळ फ्रान्समधील. १७७७ साली फ्रान्सच्या राजाच्या भावाने पॅरिसजवळ बगातेल नावाचा एक छोटा महाल बांधला. त्या महालावरूनच या खेळाला ते नाव पडले, असे सांगतात. खेळ पुढे समुद्र ओलांडून अमेरिकेस गेला. तेथे सिनसिनाटी या शहरात स्थायिक झालेल्या मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह या मूळच्या इंग्रज गृहस्थांनी १८७१ साली त्यात सुधारणा करून तिचे पेटंट घेतले. पूर्वी गोळी काठीने ढकलावी लागे. रेडग्रेव्ह यांनी काठीच्या जागी स्प्रिंग लावलेला दट्ट्या आणला. आज घरच्या खेळण्यावर जो दट्ट्या दिसतो तो या सुधारणेचाच वारसा होय.

खिळ्याला इंग्रजीत ‘पिन’ आणि गोळीला ‘बॉल’ म्हणतात. म्हणून हा खेळ पुढे ‘पिनबॉल’ या नावाने प्रसिद्धीस आला. १९३१ साली शिकागो शहरातील डेव्हिड गॉटलीब यांनी ‘बॅफल बॉल’ नावाचे एक यंत्र विकावयास काढले. मेजावर मावेल एवढे ते होते. त्यात एक सेंटाचे नाणे टाकले की पाच ते सात गोळ्या खेळावयास मिळत. तो काळ अमेरिकेत मोठ्या मंदीचा होता. कारखाने बंद पडत होते आणि असंख्य लोकांचा रोजगार गेला होता. महागडी करमणूक कोणास परवडणार? एका सेंटात मिळणारा घटकाभराचा विरंगुळा मात्र गरिबालाही परवडे. पन्नास हजारांहून अधिक यंत्रे खपली, आणि शिकागो हे या धंद्याचे माहेरघर बनले.

थोड्याच वर्षांत यंत्रात वीज आली. दिवे लुकलुकू लागले, घंटा वाजू लागल्या. खेळणारेही हुशार झाले. गोळी नको त्या वाटेने जाऊ लागली की ते यंत्रालाच धक्का देत, प्रसंगी एका बाजूने उचलूनही धरीत. याला आळा घालण्यासाठी हॅरी विल्यम्स या कारागिराने एक युक्ती योजली. यंत्राच्या पोटात एक लोलक टांगावयाचा व त्याच्याभोवती धातूचे कडे बसवावयाचे. यंत्र फार हलले की लोलक कड्याला टेकतो, विजेचे मंडल पूर्ण होते आणि ती खेळी तेथेच संपते. या युक्तीतील शहाणपण असे की हलका धक्का तिला मान्य आहे. मर्यादेत राहून गोळीला थोडे वळविणे ही कला ठरली, मर्यादा ओलांडणे हा गुन्हा ठरला.

तरीही खेळाचा मोठा भाग नशिबावरच अवलंबून होता. तो हातात आला १९४७ साली. त्या वर्षी गॉटलीब यांच्याच कारखान्यातून ‘हम्प्टी डम्प्टी’ हे यंत्र बाहेर पडले. हॅरी मॅब्स यांनी रचलेल्या या यंत्रात दोन्ही अंगांना तीन-तीन आखूड दांड्या होत्या. बटण दाबताच विजेच्या जोरावर त्या झटकन हलत आणि खाली येणाऱ्या गोळीला पुन्हा वर उडवीत. या दांड्यांना ‘फ्लिपर’ म्हणतात. पुढल्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी सहा फ्लिपरांऐवजी दोनच फ्लिपर अगदी तळाशी बसविले. आज पिनबॉल म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते ते तेव्हापासूनचे.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये या खेळावर गंडांतर आले होते. हा खेळ नव्हे, जुगार आहे, शाळकरी मुलांच्या खिशातील पैसे तो लुबाडतो, असे तेथील नगराध्यक्ष फिओरेलो ला गार्डिया यांचे मत होते. १९४२ साली त्यांनी यंत्रांवर बंदी घातली. पोलिसांनी ती जप्त केली आणि हातोड्यांनी फोडली. खुद्द नगराध्यक्षांनीही हातोडा उचलला. ही बंदी थोडीथोडकी नव्हे, चौतीस वर्षे टिकली! अखेर १९७६ साली रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराला नगरसभेच्या समितीपुढे साक्षीस बोलावले. सभागृहातच यंत्र मांडण्यात आले. शार्प यांनी दट्ट्यावर हात ठेवला आणि आधीच सांगून टाकले की, आता गोळी मधल्या वाटेने जाईल. त्यांनी दट्ट्या सोडला. गोळी मधल्याच वाटेने गेली. जे आधी सांगून करता येते ते केवळ नशीब कसे म्हणावे? बंदी उठली.

बंदी उठली खरी, पण पिनबॉलला नवा प्रतिस्पर्धी तोवर जन्मास आला होता. तो म्हणजे पडद्यावर खेळावयाचा व्हिडिओ गेम. त्याच्यात झिजण्यासारखे फारसे काही नव्हते. पिनबॉलच्या यंत्रात मात्र शेकडो हलते भाग! रबर कडक होई, तारा तुटत, दिवे जात. दुकानदाराला कोणते यंत्र सोयीचे वाटले असेल हे सांगावयास नको. मध्यंतरी एकदा पिनबॉलने पुन्हा उचल खाल्ली. १९९२ साली आलेल्या ‘द ॲडम्स फॅमिली’ या यंत्राच्या २०,२७० प्रती विकल्या गेल्या. परंतु ती उचल टिकली नाही. १९९९ साली विल्यम्स या विख्यात कारखान्याने पिनबॉल बनविणेच बंद केले.

आता एक नवाच प्रश्न उभा राहिला. जुनी यंत्रे एकेक करून बंद पडणार, सुटे भाग दुर्मीळ होणार. मग हा खेळ पुढच्या पिढीने पाहावा कोठे? पुस्तक जीर्ण झाले तर पुन्हा छापता येते. गाणे ध्वनिमुद्रिकेवर साठविता येते. खेळ कसा साठवावयाचा? यंत्राचे छायाचित्र म्हणजे खेळ नव्हे. काचेच्या पेटीत ठेवलेले बंद यंत्र म्हणजेही खेळ नव्हे. खेळ हा खेळला गेला तरच जिवंत. ज्या संगणकी खेळांनी पिनबॉलला बाजारातून हुसकले, त्यांच्याच आश्रयाला पिनबॉलला जावे लागले, हा मोठाच विलक्षण योग म्हणावयाचा.

संगणकावर पिनबॉल खेळविण्याचे प्रयत्न तसे जुनेच. १९८३ साली बिल बज या आज्ञावलीकाराचा ‘पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट’ प्रसिद्ध झाला. त्यात फ्लिपर, अडथळे, दिवे असे भाग पडद्यावर मांडून ठेवलेले असत. ते उचलून हवे तेथे बसवावे आणि आपले यंत्र आपणच रचावे! अनेक मुलांना यंत्र खेळण्याहून यंत्र रचण्यातच अधिक गोडी वाटली असेल. भारतात मात्र पिनबॉलची ओळख बहुतेकांना झाली ती ‘स्पेस कॅडेट’ या खेळामुळे. विंडोज एक्सपी असलेल्या असंख्य संगणकांवर तो फुकट मिळे. शाळेच्या संगणककक्षात शिक्षकांची पाठ वळताच तो उघडणारी पिढी आता मोठी झाली आहे.

पण ‘स्पेस कॅडेट’ हे कोणत्याही खऱ्या यंत्राचे प्रतिरूप नव्हते, ते केवळ संगणकासाठीच कल्पिलेले होते. खऱ्या यंत्रांना हुबेहूब पडद्यावर आणणे ही गोष्ट निराळी. १९९८ साली ‘मायक्रोसॉफ्ट पिनबॉल आर्केड’ या खेळात गॉटलीब यांच्या कारखान्याची सात यंत्रे एकत्र आली. त्यांत सर्वांत जुने १९३१ चे ‘बॅफल बॉल’ होते आणि सर्वांत नवे १९९२ चे ‘क्यू बॉल विझर्ड’. साठ वर्षांचा इतिहास एका तबकडीवर मावला. पुढे २०१२ साली कॅलिफोर्नियातील फार्साइट या कंपनीने ‘द पिनबॉल आर्केड’ प्रसिद्ध करून एकामागून एक कित्येक यंत्रे पडद्यावर आणली.

हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रथम खरे यंत्र मिळवून ते उकलावे लागते. प्रत्येक भागाची मापे व छायाचित्रे घ्यावी लागतात. खेळफळ्यावरचे चित्र असे टिपावे लागते की त्यावर दिव्यांची तिरीप वा काचेची चमक येता कामा नये. त्यानंतर ते सारे संगणकात नव्याने उभारावयाचे. एवढे केले तरी मिळते ते केवळ यंत्राचे शरीर.

यंत्राचे मन त्याच्या नियमांत असते. कोणता दिवा कधी लागावा, किती गुण कशाला मिळावेत, दुसरी गोळी केव्हा सुटावी, हे सारे नियमच होत. १९७० नंतरच्या दशकात यंत्रांच्या पोटात लहानसा संगणक आला आणि नियम मेमरी चिपमध्ये लिहिले जाऊ लागले. अशा यंत्राचे काम एका अर्थी सोपे. चिपमधील मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावयाचा आणि नव्या संगणकाला जुन्या संगणकाचे सोंग घ्यावयास लावावयाचे. मग जुनी आज्ञावली फसते! आपण अजून शिकागोत बनलेल्या त्या पेटीतच आहोत असे समजून ती इमानाने दिवे लावते व गुण मोजते. त्याहून जुन्या यंत्रांत मात्र लिहिलेले असे काहीच नसते. त्यांचे नियम तारांच्या जोडणीत गुंफलेले असतात. तारांचे नकाशे वाचून, यंत्र पुन्हा पुन्हा खेळून ते नियम शोधावे लागतात. जुने यंत्र साधे, म्हणून त्याचे काम सोपे, असा तर्क कोणी केल्यास तो येथे चुकतो.

सर्वांत अवघड गोष्ट राहिली ती म्हणजे गोळी. पिनबॉलची गोळी पोलादाची असते. तिचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर आणि वजन सुमारे ८० ग्रॅम. खेळफळा साधारण साडेसहा अंशांनी उतरता असतो. सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या प्रमाणात वाढत जातो, त्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याने या उतारावर वेग वाढेल. शिवाय गोळी गडगडत असल्यामुळे काही जोर तिला फिरविण्यात खर्च होतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही थोडा कमी. येथवरचे गणित शाळेतील पुस्तकातही सापडेल. पुढे मात्र अडचण येते.

पडद्यावरचे चित्र अखंड हलते असे डोळ्यांना वाटते, परंतु ती एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे असतात. सेकंदाला साठ चित्रे, असे धरू. फ्लिपरने उडविलेली गोळी सेकंदाला ३ मीटर वेगाने निघाली, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ती ५ सेंटिमीटर पुढे गेलेली असेल. वाटेत दोन सेंटिमीटर जाडीची भिंत असली तर काय होईल? पहिल्या चित्राच्या क्षणी गोळी भिंतीच्या अलीकडे, दुसऱ्या क्षणी पलीकडे! भिंतीला ती कधी लागलीच नाही, असे संगणक समजेल. म्हणून चित्र सेकंदाला साठच दाखविले, तरी गोळीचे गणित मात्र सेकंदाला शेकडो किंवा हजार वेळा करावे लागते. हजार वेळा केले की गोळी एका पावलात केवळ ३ मिलिमीटर सरकते. मग तिला भिंत चुकविता येत नाही.

भिंतीतून आरपार जाणाऱ्या गोळीचा दाखला इतिहासातही आहे. विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांतून ‘स्पेस कॅडेट’ नाहीसा का झाला, याचे कारण मायक्रोसॉफ्टमधील आज्ञावलीकार रेमंड चेन यांनी २०१२ साली सांगितले. जुना खेळ नव्या ६४ बिटांच्या संगणकांसाठी रूपांतरित करताना गोळी भुतासारखी वस्तूंमधून आरपार जाऊ लागली. मूळ आज्ञावली दुसऱ्यांनी लिहिलेली होती, तिच्यात स्पष्टीकरणाच्या टिपा जवळजवळ नव्हत्याच. चूक नेमकी कोठे आहे हे कोणास उमगेना. शेवटी खेळच वगळण्यात आला. पोलादी यंत्र गंजून मरते, पण आज्ञावलीही अमर नसते. ती समजणारा कोणी उरला नाही की तीही मरते.

फ्लिपरचे गणित आणखीच नाजूक. फ्लिपर एका टोकाशी खिळलेला असतो. म्हणून तो फिरताना त्याचे मोकळे टोक सर्वांत वेगाने जाते आणि खिळलेल्या बाजूकडे वेग कमी होत जातो. गोळी टोकाशी असताना बटण दाबले तर ती एका दिशेला जाईल, मुळाशी असताना दाबले तर दुसऱ्या. कसलेला खेळाडू या क्षणार्धाच्या फरकावरच नेम साधतो. संगणकाने या फरकात किंचितही गफलत केली की जाणकाराच्या हाताला ती तत्काळ कळते. डोळा फसेल, हात फसत नाही. १९९३ च्या ‘ट्वायलाइट झोन’ या यंत्राने तर परीक्षाच पाहिली. त्यात पोलादी गोळ्यांबरोबर एक पांढरी, चिनी मातीच्या जातीची गोळीही होती. ती हलकी, म्हणून अधिक चपळ. यंत्रातील चुंबकांना ती मुळीच दाद देत नसे. पडद्यावर आणताना तिचा हा हट्टी स्वभावही गणितात बसवावा लागला.

धक्का देण्याची कला मात्र पडद्यावर पुरती उतरली नाही. खऱ्या यंत्रापाशी खेळाडू तळहाताने, मनगटाने, कधी कमरेने हलकेच रेटा देतो आणि तो किती द्यावा हे लोलकाच्या धाकाने ठरवितो. संगणकावर त्यासाठी एक कळ असते. ती दाबली की ठरलेला धक्का बसतो. हौशी लोकांनी यावरही उपाय काढला. त्यांनी खऱ्या यंत्रासारख्या लाकडी पेट्या बनविल्या, खेळफळ्याच्या जागी पडदा आडवा बसविला आणि पेटी किती हलली हे मोजणारे साधन आत ठेवले. काहींनी तर ठोके देणारी खरी वेटोळीही बसविली, म्हणजे फ्लिपर उडताना हाताला तोच ठणका जाणवावा! इतका खटाटोप कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. ज्याने खऱ्या यंत्रावर हात ठेवला आहे त्याला वाटणार नाही.

या कामात गणिताखेरीज आणखी एक अडथळा असतो, तो कायद्याचा. एका यंत्रावर कारखान्याचा हक्क असतो, त्यावरील चित्रपटाच्या वा दूरदर्शन मालिकेच्या नावावर दुसऱ्या कोणाचा. ‘ट्वायलाइट झोन’साठी परवान्यांचा खर्च मोठा होता. तेव्हा २०१२ साली फार्साइटने लोकांनाच हाक दिली आणि ५५,००० डॉलरची मागणी केली. त्याहून अधिक रक्कम जमली. स्वतः कधी भेटणार नाहीत अशा लोकांनी एका जुन्या यंत्रासाठी वर्गणी काढली! परंतु परवाने मुदतीचे असतात. ३० जून २०१८ रोजी विल्यम्सच्या यंत्रांचा फार्साइटचा परवाना संपला आणि साठाच्या आसपास यंत्रे विक्रीतून काढून घ्यावी लागली. ज्यांनी ती आधीच घेतली होती त्यांच्यापाशी ती राहिली, नव्या ग्राहकाला मात्र दार बंद झाले. त्याच वर्षी परवाना हंगेरीतील झेन स्टुडिओज या कंपनीकडे गेला. तिने तीच यंत्रे पहिल्यापासून पुन्हा उभारावयास घेतली. झालेले काम एका कागदाच्या मुदतीपायी दुसऱ्याने नव्याने करावे, यात श्रमाचा अपव्यय नाही असे कोण म्हणेल?

खरे यंत्र जागेवरच झिजते आणि प्रत्येक यंत्राची झीज वेगळी. एकाचे रबर कडक, दुसऱ्याचा उतार थोडा अधिक, तिसऱ्याच्या डाव्या फ्लिपरमध्ये जोर कमी. नेहमीच्या खेळाडूला आपल्या यंत्राच्या या खोडी ठाऊक असतात. पडद्यावरचे यंत्र मात्र कधी झिजत नाही, ते कायम कोरे करकरीत. हा त्याचा गुण मानावा की उणीव, यावर खेळाडूंचे एकमत नाही. एवढे खरे की ज्या मुलाच्या गावात असे यंत्र कधी आलेच नाही आणि येण्याचा संभवही नाही, त्याला पडद्यामुळेच ‘हम्प्टी डम्प्टी’चे ते सहा फ्लिपर हलविता येतात.

१९९७ साली विल्यम्सच्या कारखान्यातून ‘मेडिव्हल मॅडनेस’ नावाचे यंत्र निघाले होते. गोळीने किल्ल्याचे दार फोडावयाचे, असा त्यातील खेळ. त्याचीही प्रतिरूपे पडद्यावर झाली. पण त्यावर लोकांचा जीव असा जडला होता की २०१५ साली ‘शिकागो गेमिंग’ या कंपनीने ते यंत्र खरोखरीचे, लाकडाचे आणि पोलादाचे, नव्याने बनविले. त्याच्या पोटात जुने विद्युतमंडल नाही, जुनी आज्ञावली आधुनिक संगणकावर चालते. पडद्यासाठी शिकलेली जुन्या संगणकाचे सोंग घेण्याची विद्याच तेथे कामी आली. काचेखाली धावणारी गोळी मात्र खरी आहे, ८० ग्रॅम वजनाची.